'गोल्डफिंच'ची निवृत्ती

चॅटम गोदी, मे १६७४

प्रिय ॲम्ब्रोज,

ज्या युद्धनौकेवर तुम्ही तोफा चालवता, ती 'गोल्डफिंच' निवृत्त होईल त्या दिवशी लग्न करू, असा शब्द तुम्ही मला दिला होता. त्यानंतर ती डचांशी तीन लढाया लढली, दोनदा डोलकाठी गमावून बसली. दर वेळी ती सुखरूप परतली की मला आनंद होई, आणि किंचित निराशाही. ही कबुली मी अन्य कोणाजवळ दिलेली नाही.

सोमवारी ती मोडीत काढायला म्हणून गोदीत तिच्या फळ्या उखडू लागले, तेव्हा मी लग्नाचा पोशाख शिवायला घेतला. संध्याकाळी बाबा गोदीतले सुतारकाम आटोपून आले ते हसतच.

"थॉमसिन, सुई ठेव खाली. तिचा तळाचा कणा शाबूत आहे. त्याच्यावरच नवी नौका उभी करायचा हुकूम आलाय."

"पण बाबा, बाकी सगळं लाकूड नवंच ना?"

"नाव तेच, म्हणजे नौका तीच! गोदीत असंच चालतं. आणखी वीस वर्षं पळेल बघ तुझी सवत."

तीन दिवस मी रुसून होते. आज मात्र गोदीचा नियम मला पटला. कणा राखून नौका नव्याने बांधता येते, तर वचनही बांधता येईल. 'लग्न करू' एवढा कणा राहू द्या. बाकीच्या फळ्या मी उखडून टाकल्या आहेत.

हे पत्र मी पाठवणार नाही. तुम्ही खाली बाबांबरोबर बिअर पीत बसला आहात, आणि हे मला तोंडाने सांगायचे आहे. ऐन वेळी शब्द सुचावेत म्हणून लिहून काढले, इतकेच. जिना उतरते आहे.

तुमचीच,
थॉमसिन