पंपाचे पैसे मी नेले

अहो,

धाकटीला दवाखान्यात ठेवलंय. घाबरू नका, आता बरी आहे, नर्स तिच्याजवळ आहे. मी कपडे न्यायला घरी आले होते, रिक्षा दारात उभी आहे.

तुम्ही बाजाराला गेलात आणि दुपारी तिची छाती घरघरायला लागली, अगदी थोरलीसारखी. मी कुणाला विचारायला थांबले नाही. माझ्या खात्यावर दर महिन्याला येणारे मदतीचे पैसे पंपासाठी साठवले होते, ते सगळे काढले. यंदाही भाजीला बादलीनेच पाणी घालू.

थोरलीच्या वेळी तुम्ही पैशांसाठी दोन दिवस वणवण फिरलात. तुम्हाला बोल लावत नाही. पण आज त्याच बाकावर बसले, तर मांडीवर कोण आहे तेच क्षणभर कळेना. नर्सने नाव विचारलं, तेव्हा तोंडातून थोरलीचंच नाव आलं.

शेळीची धार काढायची राहिलीय. जेवण झाकून ठेवलंय, दोन घास खाऊनच या. येताना थोरलीचं पांघरूण आणा, फडताळात वरच्या फळीवर आहे. दवाखान्यात गारठा फार आहे.

डॉक्टर म्हणाले, "बाई, वेळेवर आणलंत." ते सहजच बोलले. मी मान हलवली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. थोरली गेली, त्यानंतर चारच महिन्यांनी हे पैसे सुरू झाले. हे तुमच्याही मनात असेल. दवाखान्यात आलात की त्याबद्दल काही बोलू नका. नुसते माझ्याशेजारी बसा.