बारा मिनिटं उशिराचा इशारा

सोमवार, ६ नोव्हेंबर

बारा मिनिटं! सान रोकेच्या मच्छीमारांच्या फोनवर वादळाचा इशारा बारा मिनिटं उशिरा पोचला. सराव होता म्हणून निभावलं. आमच्या इशारा केंद्राचे पालोमार साहेब म्हणाले (इथे सगळे मला मनांग, म्हणजे ताई, म्हणतात), "मनांग विल्मा, संगणक म्हातारा झालाय. नवा मागवतो, तीन महिन्यांत येईल." म्हातारा म्हणताना माझ्याकडे कशाला बघायचं! एकोणसाठचीच आहे मी. आणि वादळं काय तीन महिने थांबणार?

मंगळवार, ७

प्रोसेसर पार गुंतलेला. मला माहीत असलेले सगळे प्रोग्राम बंद केले, तरी तेच. म्हणजे राबतोय तो कर्नल — सगळ्याच्या तळाशी बसून यंत्र चालवणारा मूळ प्रोग्राम. पण तो उगाच राबत नाही. कोणीतरी राबवून घेतंय.

बुधवार, ८

साहेब: "पुसून टाका सगळं, नव्याने भरा!"

जोसी रेडिओवर बसते, तिने कानावरचा हेडफोन काढला. "पुसल्यावर चोर सापडणार कसा, साहेब?"

शाब्बास जोसी!

कर्नल वेळ कुठे घालवतो याची नोंद घेतली. सगळा वेळ एकाच कामात — संगणकामागच्या एका जुन्या पोर्टमधून, म्हणजे वायर जोडायच्या खाचेतून, येणारी अक्षरं उचलून ठेवायची. ते पोर्ट कर्नलला सेकंदाला नऊ हजार हाका मारतंय! पण तिथे कोणतंही यंत्र जोडलेलं नाही. मग बोलतंय कोण?

गुरुवार, ९

यंत्र नाही, पण वायर आहे! टेबलामागून भिंतीत, भिंतीतून छपरावर. शिडी लावली. साहेब खालून, "मनांग, पडाल हो!" पडले नाही.

वर वारा मोजायचं यंत्र होतं, ते मागेच एका वादळात उडालं. वायर तशीच लोंबतेय, खाऱ्या हवेने हिरवी पडलेली. हवेतला सगळा कचरा पकडून खाली पाठवते. खाली एक विसरलेला प्रोग्राम पोर्ट उघडं ठेवून बसलाय, आणि कर्नल बिचारा इमानाने एकेक अक्षर उचलतोय.

वायर उपटली. खालून जोसीची किंकाळी — "मनांग! प्रोसेसर दोन टक्क्यांवर आला!"

छपरावरच टाळी वाजवली. एकटीनेच.

मग तो प्रोग्राम उघडून बघितला. पहिल्याच ओळीत लिहिणाऱ्याचं नाव. विल्मा!

शुक्रवार, १०

साहेबांनी सगळ्यांसाठी गरमागरम बाचोय, नूडल्सचं सूप, मागवलं. माझं कौतुक सुरू झालं, तसं सांगून टाकलं — प्रोग्राम माझाच, बंद करायला मीच विसरले.

साहेब नंतर हळूच म्हणाले, "कशाला बोललात? कोणाला कळलं असतं?"

"मला कळलं होतं ना."

पुन्हा सराव घेतला. अकरा सेकंद!

शुक्रवार, १७

खरं वादळ आलं. इशारा अकरा सेकंदांत गेला. बेचाळीस होड्यांकडून 'मिळाला' असं उत्तर आलं आणि अंधार पडायच्या आत बेचाळीसच्या बेचाळीस धक्क्याला लागल्या! जोसी हसता हसता रडली. साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली, माझ्यासमोर. इतकी वर्षं काम केलं, त्याचं आज सोनं झालं.

शनिवार, १८

धक्क्यावर म्हातारे मच्छीमार ओस्तिंग भेटले, सगळे त्यांना तातय, म्हणजे बाबा, म्हणतात. ओलेचिंब, होडीचा तोल सांभाळणारा बाजूचा एक पंख तुटलेला. "इशारा मिळूनही समुद्रातच थांबलात होय?" मी ओरडलेच. "कसला इशारा, पोरी? माझ्याकडे फोनच नाही." अशा एकोणीस होड्या आहेत. आम्ही त्या कधी मोजल्याच नव्हत्या.