बेसमेंटची जमीन गरम करायची तर

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार

काल लायसन्सवाल्या बाई पाळणाघर बघून गेल्या. सगळं पास, एक सोडून – यंदा थंडीत स्पेस हीटर चालणार नाहीत. रांगती मुलं हात लावतील. बरोबरच आहे त्यांचं. पण हीटर नाहीत तर बेसमेंटचं काँक्रीट जानेवारीत बर्फाची लादी होतं. सहा मुलं, आठ वर्षं चाललेलं माझं काम. नऊ महिन्यांची आन्या तर दिवसभर जमिनीवरच असते.

बंद करायचं नाही. जमीनच गरम करायची – खालून पाइप, पाइपात गरम पाणी.

२१ सप्टेंबर, शनिवार

डग नावाचा कॉन्ट्रॅक्टर आला होता. माझ्या पाळणाघरात उभा राहून सगळं केदारला समजावत होता. नवरा म्हणजे घरातला इंजिनिअर, सॉफ्टवेअरचा का असेना.

पाइप घालणं सोपं, म्हणाला. प्रश्न एकच – पाणी तापवायचं कशावर? त्याचं उत्तर तयार होतं. गॅस बॉयलर, तासाला पंचेचाळीस हजार बीटीयू उष्णता देणारा.

मी विचारलं, "पंचेचाळीस कसे काढले?"

"नऊशे स्क्वेअर फूट गुणिले पन्नास. वीस वर्षं असंच करतोय."

तो गेल्यावर केदार म्हणाला, "उत्तरा, मिशिगनमध्ये सगळे गॅसच लावतात गं. कशाला डोकं शिणवतेस?"

नागपूरचा मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे माझा, फर्स्ट क्लास. इथे डिपेंडंट व्हिसावर नऊ वर्षं काम करता आलं नाही, मग पाळणाघर काढलं. डिप्लोमा मीच विसरले होते, तर त्याला काय बोलू?

२९ सप्टेंबर, रविवार

दिवसभर टेप घेऊन मोजत होते. प्रत्येक खिडकी, प्रत्येक भिंत, भिंतीचा किती भाग मातीखाली, किती वर. बाहेर पाच डिग्री फॅरनहाइट, आत सत्तर – किती उष्णता बाहेर जाईल?

तासाला अठरा हजार बीटीयू. पुन्हा केलं. अठरा. तिसऱ्यांदाही अठराच.

म्हणजे डगचा बॉयलर अडीचपट मोठा. पेटणार, विझणार, पुन्हा पेटणार, आणि लवकर खराब होणार. शिवाय जमिनीला उकळतं पाणी लागतच नाही, अंघोळीएवढं गरम पुरतं. तेवढ्यासाठी हीट पंप उत्तम – उलटा एसीच तो, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवतो. जमीन खणून बसवायचा प्रकार आमच्या एवढ्याशा बॅकयार्डात जमणार नाही. फरशीखाली घालायची इलेक्ट्रिक मॅट दिवसभर वीज खाईल.

चहा गार झाला. कित्येक वर्षांनी इतकं छान वाटलं.

५ ऑक्टोबर, शनिवार

डगला बोलावून कागद पुढे ठेवले. त्याने चष्मा लावला. बराच वेळ वाचत होता.

केदार म्हणाला, "हीट पंप काय, लाइट गेली की बंद. त्यापेक्षा बॉयलर बरा."

"बॉयलरमधलं पाणी फिरवायला पंप लागतो ना? तो कशावर चालतो?"

डग हसला. "कडाक्याच्या थंडीत हीट पंपाचा जोर कमी होतो, मॅडम," हे मात्र पहिल्यांदाच माझ्याकडे बघून.

"म्हणून बॅकअपला इलेक्ट्रिक कॉइल. तिसरं पान बघा."

डग कागद घरी घेऊन गेला.

७ ऑक्टोबर, सोमवार

डगचा फोन, मलाच. "मी सगळं पुन्हा मोजलं. साडेसतरा आले. तुमचं बरोबर आहे."

१६ नोव्हेंबर, शनिवार

तीन वीकएंड काम चाललंय. आधी काँक्रीटवर जाड फोम – त्यावर मी अडून बसले होते, नाहीतर निम्मी उष्णता मातीत जाईल. मग पाइप. खिडक्यांखाली जवळ जवळ घ्यायचे का, हे डग मला विचारतो आणि मी सांगते तसंच करतो. केदार फोम उचलून देतो. दुपारी म्हणाला, "तुला हे सगळं येतं हे मला माहीत नव्हतं यार."

म्हटलं, "विचारलं कधी होतंस?"

२१ जानेवारी २०२५, मंगळवार

बाहेर शून्याच्याही खाली सात. आत एकोणसत्तर! पहाटे तासभर कॉइल लागली, तेवढीच.

आन्याची आई हिमानी तिला सोडायला आली ती जमिनीवर बसूनच राहिली. "मावशी, मी आज लॅबला जातच नाही. इथेच झोपते." आन्या शेल्फला धरून अनवाणी उभी राहिली. पहिल्यांदा. माझ्या जमिनीवर.

संध्याकाळी केदार पुण्याला भावाशी बोलत होता. मी जिन्यात थांबून ऐकलं. "नाही रे, मी नाही. उत्तरानं डिझाइन केलं. कॉन्ट्रॅक्टरची चूक काढली तिनं."

मुद्दाम खोकले नाही. अजून काय काय म्हणतो ते ऐकत उभी राहिले.

३० जानेवारी, गुरुवार

सकाळी अकरालाच केदारची गाडी आली. त्याची अकरा वर्षांची नोकरी गेली, सगळ्या टीमबरोबर. वर न जाता सरळ खाली आला, मुलांच्या मधे बसला. आन्या रांगत त्याच्या मांडीवर चढली. तिला सावरत म्हणाला, "तुझ्याकडे माणूस लागेल का गं मदतीला?"

म्हटलं, "लागेल. आधी बूट काढ."