सावलीतलं वाळवण

६ मार्च २००५, रविवार, क्युपर्टिनो

सुजाताने आज सांगून टाकलं — चोवीस तारखेचा केमो घेणार नाही. दोन झाले, चार राहिले. "उलट्या करत करत मरायचं तर केमो कशाला, नुसतीच मरते." आवाज अगदी शांत. म्हणूनच घाबरलो. सत्तावीस वर्षं इंजिनं ऐकतोय. खडखड करणारी गाडी दुरुस्त होते. शांतपणे बंद पडते तिची भीती.

तीन दिवसांत पोटात टिकली ती अर्धी वाटी पेज.

८ मार्च

गॅरेजमध्ये गिल्बर्टपाशी बोललो. बारा वर्षं माझ्याकडे ट्रान्समिशन खोलतोय, पण त्याची बायको कॅन्सरनेच गेली हे आज कळलं. शेवटच्या दिवसांत तिचं जेवण टिकायचं ते एकाच गोष्टीने. परसात लावलेला गांजा, त्याचा चुरा बर्फाच्या पाण्यात ढवळायचा, गाळायचा, खाली बारीक गाळ बसतो तो वाळवायचा. चिमूटभर पोटात. धूर नाही, काही नाही. सुजाताच्या डॉक्टरची चिठ्ठी आहेच, या राज्यात तेवढ्यावर चालतं.

संध्याकाळी सुजाताला विचारलं.

"रोज सकाळी पाचवं शील म्हणते. नशा करणार नाही म्हणते. आणि दुपारी तेच तोंडात घालू?"

म्हटलं, औषध आहे.

"बाबा पण औषधच म्हणायचे. दीक्षा घेतली त्या दिवशी बाटली फोडली, पुन्हा शिवले नाहीत. मी त्यांची मुलगी आहे."

तिच्या घरात चहासुद्धा व्यसनात मोडतो; मी तो गिल्बर्टच्या नादाने प्यायला लागलो, तेही चोरून.

१२ मार्च, शनिवार

तरीही केलं. गिल्बर्टने पिशवीभर चुरा दिला. गॅरेजमध्ये बादली, बर्फ, आणि एकाखाली एक जाळ्या. आयुष्यभर तेल गाळलं, आज हे. हात बधिर झाले. शेवटी लिंबाएवढा गाळ निघाला, ओल्या मातीसारखा. घरी आणून ताटलीत सांडग्यासारखे घातले. आई घालायची तसे, सुबक.

सुजाता पलंगावरून बघत होती.

१५ मार्च

एक सांडगा फोडला. वरून कडक, आत ओला, आणि ओल्यावर पांढरी लव.

गिल्बर्टला दाखवलं. त्याचा चेहराच उतरला. "बुरशी आहे. तुझ्या बायकोच्या रक्तात आत्ता लढायला कोणी नाही. हे पोटात गेलं असतं तर उलटी परवडली असं म्हणाला असतास." सगळं फेकलं. साबणाने तीनदा हात धुतले, तरी घरी येऊन तिला हात लावायचं धाडस होईना.

केमोला नऊ दिवस उरले.

१६ मार्च

दुसरा गाळ काढून आणला. स्वयंपाकघरात नुसता बघत उभा होतो. आतून आवाज आला.

"कालचे सांडगे कुठे गेले?"

"फेकले. बुरशी धरली."

मग — "गोळे आतून ओलेच राहणार. फ्रीझरमध्ये दगड करा. मग बारीक किसणीवर किसा. पातळ पसरा, एकावर एक नको. आणि ताटलीत नको, खोक्याच्या पुठ्ठ्यावर. पुठ्ठा पाणी पितो."

मी दारात जाऊन उभा राहिलो. तिने भिंतीकडे तोंड केलं.

"मी बटाट्याच्या किसाचं सांगतेय."

"हो. बटाट्याचंच."

१७ मार्च

किसला. बोटांची उष्णता लागली की चिकटतो, म्हणून किसणीपण फ्रीझरमध्ये. पुठ्ठा फ्रिजवर, भिंतीच्या कडेला, अंधारात. घरभर वास. उदबत्ती लावली तर आता दोन वास.

१९ मार्च

रोज एक कण कानाशी धरून नखाने दाबतो. गप्प आहे. वाळलं की बोलेल.

२१ मार्च, सोमवार

दुपारी गॅरेजमध्ये अस्मिताचा फोन. मागच्या गल्लीतली, सोमवारी सुजातासाठी डबा आणते. रडवेली.

"दादा, सॉरी हं. ताईंना बरं नाही म्हणून किचन आवरत होते. फ्रिजवर वाळवण दिसलं. म्हटलं असं अंधारात कोण ठेवतं, छान ऊन पडलंय, म्हणून पॅटिओवर ठेवलं."

उन्हात ते विरघळून डांबर होतं. पुन्हा करायला दिवसच उरलेले नाहीत.

"मग?"

"मग ताई उठून आल्या ना! भिंत धरत धरत. माझ्यावर ओरडल्या, दादा. ताई कधी ओरडतात का? 'सावलीतलं वाळवण आहे ते, आत घे आधी!' स्वतः उचललं. कसलं आहे ते? खूप महाग असतं का?"

म्हटलं, "आयुर्वेदिक आहे."

चार दिवस ती पलंगावरून उठली नव्हती.

घरी आलो. पुठ्ठा फ्रिजवर जागच्या जागी. एका कडेला काळा चिकट पट्टा, बाकी सगळं सुटं. वर तिची जुनी पांढरी ओढणी पसरलेली. ती झोपल्याचं सोंग घेऊन पडली होती. झोपलेल्या माणसाचा श्वास मला कळतो.

२३ मार्च

कण दाबला. कट्.

पुन्हा दुसरा. कट्. गिल्बर्टने फोडून पाहिला, भिंग लावून पाहिला. पांढरं काही नाही. छोट्या डबीत भरलं. तिच्या उशाशी ठेवलं आणि सांगितलं, "बटाट्याचा कीस तयार आहे. उद्या दहाची अपॉइंटमेंट मी कॅन्सल केलेली नाही. पुढचं तुझं तू."



२४ मार्च, गुरुवार

सकाळी वंदनेला बसली. ती पुढे म्हणते, मी मागून. पहिलं शील, दुसरं, तिसरं, चौथं. मग थांबली. मी पाचव्याची वाट पाहिली. तिने हात जोडले, डोकं टेकवलं आणि म्हणाली, "गाडी काढा."