गवतावर उभ्या असलेल्या बोटीतील मुक्कामाबाबत खुलासा

प्रति,
मा. उपसंचालक (आस्थापना),
विभागीय तंत्रविद्या कार्यालय,
कोंढेगाव.

मार्फत : मा. प्राचार्य, शासकीय तंत्रनिकेतन, कोंढेगाव.

विषय : अध्ययन रजा रद्द न करण्याबाबत, तसेच अर्जदार खलाशी नसल्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा मुख्यालय सोडण्याबाबतचा ई-मेल, दि. १३ जुलै २०१६.
२) आपली कारणे दाखवा नोटीस, जा.क्र. आस्था-२/अ.र./४१७/२०१६, दि. २ ऑगस्ट २०१६.

महोदय,

१) अर्जदार श्री. विपुल अर्जुन तायडे हा कोंढेगाव तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकीचा अधिव्याख्याता असून, शासनाच्या रीतसर मंजुरीने १ मार्च २०१४ पासून जर्मनीत गार्चिंग येथे विमानाच्या पंख्यांच्या कंपनांवर पीएच.डी. करीत आहे. रजा २८ फेब्रुवारी २०१७ रोजी संपते. प्रबंध येत्या डिसेंबरात सादर व्हायचा आहे. आपल्या नोटिशीप्रमाणे पंधरा दिवसांत समाधानकारक खुलासा न आल्यास रजा रद्द होईल आणि अर्जदाराला १ सप्टेंबर रोजी कोंढेगावात वर्गावर उभे राहावे लागेल. म्हणजे अडीच वर्षांची मेहनत मातीत जाईल. म्हणून अर्जदार हा खुलासा हात जोडून, परंतु दात-ओठ खात सादर करीत आहे.

२) नोटिशीत तीन प्रश्न आहेत. अर्जदाराने कोणत्या जहाज कंपनीत नोकरी पत्करली, जहाज कोणत्या देशाचे आहे, आणि परतीचे बंदर कोणते. नोटीस प्रथम वाचली तेव्हा अर्जदाराला हसू आवरेना. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा खाली महोदयांची सही दिसली आणि हसू जागच्या जागी जिरले. गार्चिंगपासून उत्तरेकडचा समुद्र सुमारे आठशे किलोमीटर दूर आहे. तिथे जायला अर्जदाराला वेळ असता तर प्रबंधाचे पाचवे प्रकरण कधीच पुरे झाले असते.

३) या भानगडीचे मूळ अर्जदाराच्या आज्ञाधारकपणात आहे. गार्चिंगमध्ये शनिवार-रविवारी कोण कुठे गेला याची विचारपूस कोणी करीत नाही. परंतु अर्जदाराच्या मातोश्री श्रीमती प्रभावती तायडे या जिल्हा परिषद शाळेच्या सेवानिवृत्त मुख्याध्यापिका असून जूनपासून मुलाकडे आलेल्या आहेत. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी परवानगीचा अर्ज दिल्याशिवाय एकदाही मुख्यालय सोडले नाही. सख्ख्या भावाच्या लग्नालाही त्या अर्ज मंजूर झाल्यावरच निघाल्या, तोवर मंडपातल्या पंगती उठल्या होत्या. त्यांनी बजावले, “गार्चिंग हे तुझं मुख्यालय. कळवल्याशिवाय पाऊल बाहेर टाकायचं नाही.” अर्जदार पस्तीस वर्षांचा असला तरी त्याने निमूटपणे विहित नमुना भरला. प्रयोजन : एअर शो. कालावधी : १५ ते १७ जुलै. मुक्कामाचे ठिकाण : बोट. जे खरे होते ते लिहिले. अर्जदाराच्या माहितीप्रमाणे आपल्या विभागात गेल्या दहा वर्षांत हा रकाना इतका खरा कोणीच भरलेला नाही.

४) आता बोटीविषयी. आल्गॉय भागातल्या एका छोट्या धावपट्टीवर दरवर्षी जुन्या विमानांचा एअर शो होतो. त्या दिवसांत आसपासच्या चाळीस किलोमीटरमध्ये झोपायला खाट मिळत नाही. संस्थेच्या वर्कशॉपचे प्रमुख मेकॅनिक हेर (जर्मनमध्ये श्रीयुत) डीटल म्हणाले, हॉटेल कशाला हवे, माझी बोट आहे ना. साडेसहा मीटरची, ट्रेलरवर चढवून मोटारीमागे जोडता येणारी ही शिडाची बोट. आत चार जणांची झोपायची सोय, एक शेगडी आणि उभे राहिले की डोक्याला टेंगूळ येईल असे छत. ही बोट तीनही दिवस आणि रात्री ट्रेलरवर, ट्रेलर गवतावर आणि गवत फ्राऊ (म्हणजे श्रीमती) हूबर या तिथल्या शेतकरी बाईंच्या कुरणात होते. खाली चाके होती. चाकांखाली, ती घरंगळू नयेत म्हणून, विटा होत्या. कुठल्याही महासागरात विटा लावून जहाज उभे केल्याचे अर्जदाराच्या ऐकिवात नाही.

५) बोटीवर चढण्यासाठी नऊ पायऱ्यांची शिडी लागे. मातोश्री सहावारी साडी, स्वेटर आणि पांढरे स्पोर्ट्स शूज अशा पोशाखात दिवसातून आठ-दहा वेळा ती चढल्या-उतरल्या, कारण स्वच्छतागृह कुरणाच्या दुसऱ्या टोकाला होते. त्यांनी बोटीतल्या शेगडीवर पिठले केले. शेजारच्या कॅरव्हॅनमधले एक गृहस्थ वास घेत शिडीपाशी आले. मातोश्रींनी त्यांना वाडगा भरून दिला आणि मराठीतच सांगितले की तिखट आहे, जपून. त्यांनी डोळ्यांतून पाणी काढत सगळे संपवले. तीन दिवसांत बोटीच्या आसपास दिसलेले हे एकमेव पाणी.

६) नोटिशीत “अभ्यास खंडित झाल्याचे दिसते” असेही म्हटले आहे. त्याबाबत नमूद करण्यात येते की लाकडी पंख्यांची आठ विमाने एकाच ठिकाणी उडताना एरवी सापडत नाहीत. बोटीचा डेक जमिनीपासून सव्वादोन मीटर उंच असल्याने तिथे मायक्रोफोन लावून अर्जदाराने आवाजाच्या नोंदी घेतल्या. त्या पाचव्या प्रकरणात जातील. मार्गदर्शकांचे पत्र सोबत आहे. विमाने उलटी होऊन डोक्यावरून जात असताना मातोश्री दर वेळी “अगं बाई!” म्हणत असत आणि ते प्रत्येक नोंदीत आले आहे. मार्गदर्शकांना तो विमानाच्या रचनेचा दोष वाटला. अर्जदाराने त्यांना समजावून सांगितले.

७) मुक्काम जमिनीवरच झाल्याचा स्थानिक प्राधिकरणाचा दाखला नोटिशीत मागितला आहे. त्यासाठी अर्जदार एक दिवसाची रजा टाकून पुन्हा त्या गावी गेला आणि राटहाउसमध्ये, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीच्या कचेरीत, हजर झाला. खिडकीमागच्या बाईंनी सगळे शांतपणे ऐकले. कुरण हे समुद्र नाही, एवढेच लिहून हवे, असे अर्जदाराने सांगितल्यावर त्या “गेनाऊ” म्हणाल्या, याचा अर्थ “अगदी बरोबर” असा होतो, त्यामुळे अर्जदाराच्या जिवात जीव आला. मग त्यांनी विचारले, कोणते फॉर्म्युलार, म्हणजे कोणता विहित नमुना? अशा दाखल्याचे फॉर्म्युलार अस्तित्वात नसल्याने प्रथम फॉर्म्युलार तयार करण्यासाठी अर्ज द्यावा लागेल, त्यावर सहा ते आठ आठवड्यांत विचार होईल, असे त्यांनी सांगितले. महोदय, त्या क्षणी अर्जदाराला कोंढेगावची फार आठवण झाली.

८) शेवटी फ्राऊ हूबर यांनीच स्वहस्ते लिहून दिले. अनुवाद असा : “माझ्या कुरणात बोट होती. पाणी नव्हते. गाईंनी बोट चाटली, इतर काही घडले नाही.” त्यावर शिक्का हवा, शिक्क्याशिवाय आमचे कार्यालय कागदाला कागद मानत नाही, असे सांगितल्यावर त्यांनी गावच्या दूध संस्थेचा शिक्का मारला. शिक्क्यावर गाय आहे. कृपया ती राजमुद्रेच्या जागी समजून घ्यावी.

९) तरी बोटीला पाणी लागले नाही, सबब अर्जदार खलाशी ठरत नाही, सबब रजा रद्द करू नये, अशी विनंती करून हा अर्ज इथे संपणार होता. सही झाली होती. पाकिटावर पत्ता लिहून झाला होता.

१०) परंतु अर्ज मातोश्रींनी वाचायला मागितला. त्यांनी चष्मा लावून, हातात पेन घेऊन, उत्तरपत्रिका तपासावी तसा तो वाचला. दोन ठिकाणी वेलांटी सुधारली. मग विचारले, “आणि रविवारचं?” अर्जदार म्हणाला, कार्यालयाने मुक्कामाबद्दल विचारले आहे, फेरफटक्याबद्दल नाही. त्यावर आई म्हणाली, “रोज सकाळी पंचशील म्हणतोस ना? चौथं काय आहे, सांग बरं.” चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे, हे अर्जदाराला पाठ आहे. “मी खोटं कुठं बोललो?” असे त्याने विचारून पाहिले. “अर्धं खरं लिहिलंस,” आई म्हणाली, “पोरांना मी त्याचे अर्धे गुणसुद्धा दिले नाहीत कधी.” पाकीट फोडावे लागले. म्हणून पुढील मजकूर.

११) रविवारी चार वाजता कार्यक्रम संपला आणि सगळ्या मोटारी एकदम निघाल्याने रस्ता तुंबला. जवळच तळे होते. गर्दी ओसरेपर्यंत तिथे थांबू, असे हेर डीटल म्हणाले. ट्रेलर तळ्याकाठी उभा राहिला. आई पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, “तीन दिवस बोटीत राहिले आणि पाणी लागलं नाही, हे मी गावात कोणत्या तोंडाने सांगू?” अर्जदाराने हे भाषांतर करून सांगायला नको होते. त्याने ते केले. हेर डीटल खदाखदा हसले, मोटार मागे घेत ट्रेलर उतारावरून तळ्यात नेला आणि बोट पाण्यावर सोडली. शिडे गुंडाळलेलीच होती, बॅटरीवरची छोटी मोटर लावली. अर्जदाराला पोहता येत नाही, हे त्याने दोनदा सांगितले. त्याला जॅकेट घालून कोपऱ्यात बसवण्यात आले.

१२) सुकाणू आईच्या हाती दिले गेले. ती सदुसष्ट वर्षांची आहे. तिने आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नाही. शाळेला जाताना ती कोणाच्या तरी बैलगाडीत, कोणाच्या तरी स्कूटरवर, एसटीत शेवटच्या बाकावर, अशी मागेच बसत आली. पहिल्यांदा तिने विचारले, “डावीकडे वळवू का?” अर्जदाराने भाषांतर केले. हेर डीटल “या, या” म्हणाले, म्हणजे जर्मनमध्ये होकार दिला. थोड्या वेळाने तिने विचारले, “त्या झाडांपर्यंत नेऊ का?” पुन्हा “या, या”. तिसऱ्यांदा तिने अर्जदाराकडे वळून विचारले, “प्रत्येक वेळी विचारावं लागतं का रे?” नाही, असे हेर डीटल म्हणाले. त्यानंतर तिने कोणालाही काही विचारले नाही. तळ्याच्या मधोमध नेऊन तिने बोट गोल फिरवली, मग उलट बाजूने फिरवली, आणि हसत सुटली. अर्जदाराने आपल्या आईला असे हसताना याआधी पाहिलेले नाही. त्याला रडू आले. जॅकेट फार घट्ट होते, असे त्याने त्या वेळी सांगितले, तेही खोटे होते.

१३) मायक्रोफोन बंद करायचा राहून गेल्यामुळे पाण्यातला कालावधी नेमका उपलब्ध आहे : अकरा मिनिटे वीस सेकंद. या अवधीत अर्जदाराने अभ्यास केला नाही. कंपनांचा विचारही केला नाही. मुख्यालयाबाहेर, विनापरवानगी, शासनमान्य अध्ययन रजेवर असताना तो पाण्यावर होता, हे तो कबूल करतो.

१४) सबब नम्र विनंती की, रजा कापायचीच असल्यास ती अकरा मिनिटे वीस सेकंदांची कापावी आणि हवी तर किरकोळ रजेत धरावी. उरलेली रजा अर्जदाराकडे राहू द्यावी, म्हणजे प्रबंध डिसेंबरात सादर होईल आणि मार्चमध्ये तो आपल्यापुढे पदवी घेऊन हजर होईल. सदर घटनेबद्दल दिलगिरी व्यक्त करण्याची आपल्या कार्यालयाची पद्धत अर्जदाराला माहीत आहे आणि तसे वाक्य त्याने इथे लिहिलेही होते. ते खोडले आहे. त्याला त्या अकरा मिनिटांची दिलगिरी वाटत नाही, आणि हा अर्ज टपालात पडण्यापूर्वी आई तो पुन्हा वाचणार आहे.

आपल्याच आस्थापनेवरचा, निकालाच्या प्रतीक्षेत असलेला,

(सही)
विपुल अर्जुन तायडे
अधिव्याख्याता, यंत्र अभियांत्रिकी
(अध्ययन रजेवर, तूर्तास)

गार्चिंग, दि. १६ ऑगस्ट २०१६

सोबत :
१) फ्राऊ हूबर यांचा दाखला, मूळ जर्मन प्रत व मराठी अनुवाद.
२) ट्रेलरच्या नोंदणीची प्रत, चाकांची संख्या अधोरेखित.
३) मार्गदर्शकांचे पत्र.
४) बोटीचे छायाचित्र, विटा व गाईंसह.
५) श्रीमती प्रभावती तायडे यांचे स्वतंत्र निवेदन, एक ओळ : “बोट मी चालवली, मुलाला विचारू नये, मला विचारावे.”