आल्टर म्हणजे म्हातारा

१६ जानेवारी १९९६, बारामती
नाव बदलायचा गॅझेटचा फॉर्म आणला. जुने नाव – नकुसा. नवे नाव – मनीषा. कारणाच्या रकान्यात काय लिहू? तीन बहिणींवर चौथी झाले, एवढंच ना! बी.ए.ला इंग्रजीत पहिली आले, तरी हजेरीला नाव पुकारलं की मागच्या बाकावर खी खी व्हायचीच.

१८ जानेवारी
आमच्या ठिबकच्या कंपनीत इस्रायलचे साहेब आलेत. सत्तरीचे, काटक. त्यांच्या इंग्रजीचं मराठी मी करते. आज कन्हेरीला डाळिंबाच्या बागेत नळ्या दाखवून झाल्यावर ते एकेकाला नावाचा अर्थ विचारत बसले. बागेचे मालक रामहरीतात्यांनी तर बोटांवर दोन देव मोजून दाखवले. माझी पाळी आली तसे मॅनेजर दादासाहेब हसत म्हणाले, हिचं राहू द्या. मग मीच सांगून टाकलं – कुणालाही नको असलेली. कुणी हसलं नाही. त्याचाच जास्त राग आला.

१९ जानेवारी
जीपमध्ये साहेबांनी स्वतःचं सांगितलं. त्यांचं नाव आल्टर. यिडिशमध्ये, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या बोलीत, त्याचा अर्थ म्हातारा. पाळण्यातलं पोर, आणि नाव म्हातारा! त्यांच्याआधीचे दोन भाऊ तान्हेपणीच गेले होते. मग आईनं हे नाव ठेवलं – मृत्यू बाळ न्यायला आला तर त्याला म्हातारा सापडावा, आणि त्यानं चुकलो म्हणून परत जावं. त्यांच्यातही आता हे नाव फारसं कुणी ठेवत नाही म्हणे. तुझ्या आईनंही असंच कुणाला फसवलं असेल, म्हणाले.

आपल्याकडे दगडू, केरू ठेवतातच की. पण ते मुलगे! मुलगी जगावी म्हणून कोण एवढी युक्ती करतं? तरी मन मेलं हुरळलंच. रविवारी गावी वरकुट्याला जाऊन विचारणार.

२१ जानेवारी, वरकुटे
आबांना विचारलं. सुपारी कातरता कातरता म्हणाले, "चवथी बी पोरगीच. आता बास, नगं, म्हनून ठिवलं. त्यात काय येवढं?"

आई चुलीपुढून उठून गोठ्यात गेली.

परक्या माणसाच्या आईची माया उसनी घ्यायला गेले, चांगली जिरली. निघताना आईला सांगितलं, यापुढे त्या नावानं हाक मारलीस तर ओ देणार नाही.

२६ जानेवारी, बारामती
फॉर्म भरला. सही राहिली.

४ फेब्रुवारी
आई आली. एकटी, एसटीनं – जन्मात पहिल्यांदा. दारातून दोनदा हाक मारली, नकुसा, नकुसा. मी ओ दिली नाही.

आत येऊन भिंतीकडे बघत बोलली. मी झाले तेव्हा आजी भागूबाई मिठाची पुडी घेऊन बाजेशी बसली होती, माझ्या तोंडात घालायला. आबा बाहेर. आईनं तिचा हात धरला. म्हणाली, आत्याबाई, तुमाला नगं तर नकुसाच म्हना तिला, साऱ्या गावात म्हना, पर ऱ्हाऊ द्या.

"त्यास्नी नाव दिलं," आई म्हणाली. "पोर दिली न्हाय."

मग म्हणाली, म्हातारी गेली आता, खुशाल बदल.

स्टँडवर सोडायला गेले. गाडी हलल्यावर तिनं खिडकीतून हाक मारली, "नकुसा, जेवत जा येळेवर."

मी ओ दिली.