तुमचा हात कोन धरतं?

प्रिय मोठ्या बाई,

तुमच्या खुर्चीवर मी कधी बसत नाही. आज बसले. पोरांना वस्तीवर सोडून आलेय, घरी जायची जीप यायचीय. तोवर तुम्हालाच लिहिते. दुसऱ्या कुणाला सांगू?

तुम्ही गेलात त्यानंतरची गोष्ट. चौथीतल्या कार्तिकीच्या आजोबांना बिबट्यानं मारलं. उसाच्या कडेला, तिच्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून ऊस सळसळला की पोर बाकाखाली शिरते. मीपण शिरते, तिचा हात धरते. "बाहेर ये" म्हणत नाही. थोड्या वेळानं तीच म्हणते, "वारा हाय, बाई." एवढं जमलंय मला!

पण माझं काय? मला लई भीती वाटते हो! वस्तीच्या वाटेला दोन्हीकडं ऊस. घुंगराची काठी आपटत, पाढे ओरडत चालतो आम्ही. पोरांना मजा वाटते आणि माझ्या छातीत नुसती धडधड. डबा तसाच परत जातो. घरी विचारलं की म्हणते, "काही नाही."

हे "काही नाही" तुमच्याकडूनच शिकले ना? "पोरांसमोर बाईनं भ्यायचं नसतं," म्हणायचात. बरं, पोरांसमोर नाही, पण आमच्यासमोर तरी? छातीत कळ आली की "पित्त असेल" म्हणून फळ्याकडं तोंड फिरवायचात. राग येतो बाई तुमचा! एक दिवस मंचरला दवाखान्यात गेला असतात, तर आज ह्या खुर्चीवर तुम्हीच असतात. शाळा काय पळून जाणार होती?

आज पुन्हा ऊस सळसळला. बाकाखाली मी कार्तिकीचा हात धरला, तर ती माझ्याकडंच बघत राहिली.

"बाई, तुमचाच हात गार पडलाय. तुमचा हात कोन धरतं?"

मी फळ्याकडं तोंड फिरवलं. तिनं आपला दुसरा हातही माझ्या हातावर ठेवला. एवढ्याशा पोरीनं का धरावं हो मला? तिला तिचंच काय कमी आहे?

म्हणून तुम्हाला शब्द देते. आज घरी ह्यांना सगळं सांगेन. उद्या रजा टाकून मंचरला डॉक्टरांकडं जाईन, पोरांना गुरुजी सोडतील. भीती जाईल असं म्हणत नाही. ऊस उभाच आहे. पण परवा कार्तिकी पुन्हा विचारेल, आणि तेव्हा मी फळ्याकडं तोंड फिरवणार नाही.

तुमची, अजून भ्यालेली,
सुनंदा